वेबसाइटवरचं अ‍ॅनिमेशन कसं चालतं आणि काहींना त्याचा त्रास का होतो?

बटण दाबलं की ते किंचित दबल्यासारखं दिसतं. मेनू बाजूने सरकत येतो. फोटोंची पट्टी आपोआप पुढे जात राहते. वेब डिझाइनमध्ये या सगळ्याला अ‍ॅनिमेशन किंवा मोशन इफेक्ट म्हणतात. बहुतेकांना ही हालचाल छान वाटते किंवा जाणवतही नाही. पण काही जणांना तिच्यामुळे गरगरतं, मळमळतं. चित्र वेगाने लखलखत असेल तर क्वचित फिटही येऊ शकते. म्हणूनच वेबसाइटवर काय हलवायचं यापेक्षा ते थांबवता येतं का, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

सुरुवात लुकलुकण्यापासून

नव्वदच्या दशकात नेटस्केप ब्राउझरमध्ये 'ब्लिंक' नावाचा टॅग होता. तो लावला की अक्षरं लुकलुकायची. इंटरनेट एक्सप्लोररने 'मार्की' आणला, त्यात मजकूर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला धावायचा. फायरफॉक्सने २०१३ मध्ये ब्लिंक काढून टाकला, आणि त्याची आठवण काढून फारसं कुणी हळहळलं नाही. मार्कीचं मात्र तसं झालं नाही. महाराष्ट्रातल्या अनेक सरकारी कार्यालयांच्या आणि कॉलेजांच्या वेबसाइटवर धावती सूचनापट्टी आणि शेजारी लुकलुकणारं 'न्यू' आजही दिसतं. नेमकी भरतीची शेवटची तारीख वाचायला जावं, तर ती पडद्याबाहेर निघून गेलेली असते.

पुढे फ्लॅशचा जमाना आला. त्यात अख्खी वेबसाइटच अ‍ॅनिमेशनमध्ये बनवली जायची. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेयरला दिलेला आधार थांबवला. आता हीच कामं प्रामुख्याने सीएसएस आणि जावास्क्रिप्ट करतात.

उपयोग कधी होतो?

अ‍ॅनिमेशन म्हणजे नुसती सजावट नाही. पैसे भरताना 'पे' दाबलं आणि पडद्यावर काहीच हललं नाही, तर माणूस पुन्हा दाबतो. तिथे फिरणारं छोटं चक्र 'काम सुरू आहे' एवढं सांगतं आणि ते पुरेसं असतं. यादीतली वस्तू कार्टकडे सरकताना दिसली, की ती कुठे गेली हे शोधावं लागत नाही. अशी हालचाल साधारण पाव सेकंदात संपली तर चांगली. त्याहून फार लांबली, तर तेच बटण रोज दाबणाऱ्याला ती अडचण वाटू लागते.

अनेक फोनचा पडदा सेकंदाला ६० वेळा नवं चित्र दाखवतो. म्हणजे एक चित्र तयार करायला जेमतेम १६.७ मिलीसेकंद मिळतात. एखादा चौकोन हलवताना त्याची पानावरची जागाच बदलत नेली, तर ब्राउझरला दर वेळी आजूबाजूच्या मजकुराची मांडणी नव्याने मोजावी लागते. सीएसएसच्या 'ट्रान्सफॉर्म'ने तो नुसता सरकवला किंवा 'ओपॅसिटी'ने फिका केला, तर हे मोजमाप टळतं. महागड्या फोनवर हा फरक कदाचित कळणारही नाही. स्वस्त फोनवर पान अडखळतं आणि बॅटरीही जास्त खर्च होते.

डोळे एक सांगतात, कान दुसरंच

एसटीच्या खिडकीतून जवळची झाडं भराभर मागे जाताना आणि लांबचे डोंगर हळू सरकताना दिसतात. पान स्क्रोल करताना असाच आभास निर्माण करण्याच्या पद्धतीला 'पॅरॅलॅक्स' म्हणतात. दिसायला ती सुंदर असते. पण शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा कानाच्या आतल्या भागात असते. डोळे 'आपण हलतोय' असं सांगतात आणि कान 'नाही, आपण बसलोय' म्हणतात. ज्यांची ही यंत्रणा नाजूक असते, त्यांना या विसंगतीमुळे गाडी लागल्यासारखं होतं.

अ‍ॅपलने २०१३ मध्ये आयओएस ७ आणलं, तेव्हा अ‍ॅप उघडताना पडदा झूम होत असे. त्यामुळे मळमळत असल्याच्या तक्रारी आल्या. त्यानंतर काही आठवड्यांतच कंपनीने 'रिड्यूस मोशन' ही सेटिंग सुधारली. ही निवड वेबसाइटलाही कळावी म्हणून सीएसएसमध्ये 'प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशन' आलं. सफारीने २०१७ मध्ये त्याला आधार दिला, मग फायरफॉक्स आणि क्रोमनेही दिला. डिझायनरने ते वापरलं, तर सरकणारा मेनू अशा व्यक्तीला एकदम उघडलेला दिसतो. बाकीच्यांसाठी काहीच बदलत नाही. काम थोडक्या ओळींचं आहे, तरी अनेक वेबसाइट ते करत नाहीत.

लखलखाट वेगळाच

प्रकाशामुळे फिट येणाऱ्यांचा धोका याहून गंभीर आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन'च्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा चमकला आणि ६८५ जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यात बहुतेक मुलं होती. २०१९ मध्ये तर अमेरिकेतल्या एपिलेप्सी फाउंडेशनच्या ट्विटर फॉलोअर्सना मुद्दाम लखलखणारी चित्रं पाठवली गेली. ब्रिटनने २०२३ च्या ऑनलाइन सेफ्टी कायद्यात असा प्रकार गुन्हा ठरवला.

वेबसाइटसाठीचे 'डब्ल्यूसीएजी' हे आंतरराष्ट्रीय निकष याबाबत स्पष्ट आहेत. पानावरची कोणतीही गोष्ट एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखू नये. लखलखाट अगदी लहान जागेत किंवा मंद असेल तेवढीच सूट आहे. इतर मजकुराशेजारी आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून जास्त काळ हलणाऱ्या गोष्टीला थांबवण्याची सोय हवी. भारतातल्या सरकारी वेबसाइटसाठीची 'जीआयजीडब्ल्यू' मार्गदर्शक तत्त्वं याच निकषांवर आधारलेली आहेत. वर सांगितलेली धावती पट्टी आणि तिला नसलेलं 'थांबवा' बटण आठवलं, की अंमलबजावणीचा अंदाज येतो.

स्वतःच्या फोनवर काय करता येईल?

आयफोनमध्ये सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, मोशन असं जाऊन 'रिड्यूस मोशन' सुरू करता येतं. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीखाली 'रिमूव्ह अ‍ॅनिमेशन्स' हा पर्याय असतो. कंपनीनुसार त्याची जागा थोडी बदलते. विंडोज ११ मध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या 'व्हिज्युअल इफेक्ट्स'मध्ये 'अ‍ॅनिमेशन इफेक्ट्स' बंद करावं. एक्सवर व्हिडिओ आणि जीआयएफ आपोआप सुरू होऊ नयेत यासाठी 'ऑटोप्ले'ची वेगळी सेटिंग आहे. घरात कुणाला फिट येण्याचा त्रास असेल, तर त्यांच्या फोनवर ही सेटिंग आधी बदलावी, कारण फोनचं 'रिड्यूस मोशन' सुरू असलं तरी कुणीतरी पाठवलेला लखलखता व्हिडिओ त्याने थांबेलच असं नाही.