बोंडल्याचं कूळ

बारशाच्या आहेरात वाळे, वाटी-चमचा आणि बोंडलं यांना अजून मान आहे. नाशिकच्या सराफ बाजारात चांदीचं बोंडलं आजही सहज मिळतं. घेणारा हौसेने घेतो आणि बाळाची आई ते कपाटात ठेवून देते. त्याचा उपयोग काय, हे पुष्कळदा दोघांनाही ठाऊक नसतं. "मी काही बोंडल्याने दूध पीत नाही" असं मात्र दोघंही तावातावाने म्हणतात.

मुठीत मावेल एवढं उथळ भांडं आणि त्याला एका बाजूला निमुळती तोटी, एवढाच त्याचा थाट. अंगावर न ओढणाऱ्या बाळासाठी ते घडलं. "बाळ ओढत नाही" हे सुईणीचं निदान तीन शब्दांचं, पण त्यात बरंच काही येतं. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं, तर चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ गर्भावस्थेच्या साधारण चौतिसाव्या आठवड्यापर्यंत बसत नाही. टाळू दुभंगलेली असेल तर तोंडात ओढ तयार होत नाही. आणि कधी जीभच बांधलेली असते. जिभेखालचा पातळ पडदा आखूड किंवा पार टोकापर्यंत आलेला असतो. मग जीभ उचलत नाही, खालच्या हिरडीपुढे येत नाही, रडताना तिचं टोक बदामासारखं दिसतं. असं बाळ स्तन नीट धरू शकत नाही, बोंडशीवर घसरतं आणि हिरडीने चावत राहतं. आईला चिरा पडतात, बाळ तासभर लागून राहतं आणि तरी उपाशीच. अशा घरात दूध पिळून बाळाच्या तोंडी घालायला काहीतरी लागणारच.

तोटीचं भांडं आपल्याकडे फार जुनं. 1950-51 साली पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिकला गोदाकाठच्या मातीच्या गढीवर आणि तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या जोर्वे इथे उत्खनन केलं. जोर्वेच्या नावाने पुढे अख्खी ताम्रपाषाण संस्कृती ओळखली गेली, आणि लाल मातीवर काळी नक्षी असलेलं नळीच्या तोटीचं भांडं ही तिची खूणच ठरली. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात त्याच संस्कृतीचे लोक दगावलेली लहान मुलं घरातल्या जमिनीखाली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत पुरत. सोबत वाडगा आणि तोटीचं भांडं ठेवलेलं सापडतं. ते पाहून बोंडल्याचा मूळपुरुष हाती लागला असं म्हणायचा मोह होतो. मी तो आवरतो, कारण ही भांडी मोठ्यांच्या दफनातही असतात आणि बाळाला पाजायला ती मोठी पडतील. बाळाचंच म्हणता येईल असं भांडं निघालं ते जर्मनीत. बव्हेरियातल्या मुलांच्या थडग्यांत मिळालेल्या तोटीच्या छोट्या मातीच्या भांड्यांत जनावराच्या दुधाचा अंश असल्याचं 2019 साली सिद्ध झालं. वरचं दूध पाजण्याची गरज तीन हजार वर्षांपूर्वीही होती, एवढं त्यातून नक्की कळतं.

आपल्याकडे बोंडल्याला पहिल्या दिवसापासून काम मिळालं त्याला आणखी एक कारण झालं. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदग्रंथात पहिल्या दिवशी मध-तूप आणि पुढचे दोन दिवस औषधी तूप असा क्रम दिला आहे; आईला दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं अशी समजूत त्यामागे होती. घराघरांत या समजुतीचं पुढे चीक पिळून टाकण्यात रूपांतर झालं. गाईचा खरवस चवीने खाणाऱ्या समाजाने आईचा चीक फेकून द्यावा, हे मला कधी उमगलं नाही. त्या पिवळसर घोटभर दुधात बाळाला रोगांपासून राखणारी द्रव्यं ठासून भरलेली असतात. म्हणजे ओढता येणाऱ्या बाळांनाही बोंडलं लागलं, आणि त्यात नको ते गेलं.

मग धातूचा प्रश्न. नाशिक हे तांब्या-पितळेचं गाव. गोदावरीवर आलेला यात्रेकरू देव आणि गडू घेऊन परतायचा, आणि तांबट-कासारांच्या घरी ठोक्यांचा आवाज थांबत नसे. त्यांच्याच हातची घरोघरची पितळी पातेली, आणि बोंडलीही. पितळेत आंबट कळकू नये म्हणून कल्हई हवी, हे प्रत्येक बाईला माहीत होतं. दूध मात्र निरुपद्रवी समजलं जाई.

ते तसं नव्हतं. वर्ष-दोन वर्षांच्या मुलांचं पोट फुगायचं, यकृत दगडासारखं घट्ट व्हायचं आणि मूल काही महिन्यांत जायचं. डॉक्टरी पुस्तकांत या रोगाचं नावच 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस'. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले शीला भावे, आनंद पंडित आणि ब्रिटनचे स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या यकृतात तांबं बेसुमार साठलेलं असल्याचा माग घेत घरच्या स्वयंपाकघरापर्यंत मजल मारली. 1983 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी मांडलं की, या मुलांना फार लवकर जनावराचं दूध सुरू झालेलं असतं आणि ते पितळी-तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं असतं. दुधातलं केसीन तांब्याला धरून ठेवतं आणि ते तान्ह्या यकृतात जाऊन बसतं. मुख्य गुन्हेगार पातेलं. दूध क्षणभरच राहतं ते बोंडलं फार तर साथीदार. घरात स्टील आलं आणि हा रोग जवळपास दिसेनासा झाला. मराठी मातीत झालेल्या इतक्या मोलाच्या संशोधनाची आठवण शाळेच्या पुस्तकात असायला हवी होती.

पितळी बोंडलं या संशोधनाने नव्हे, बाटलीने घालवलं. रबरी बोंडशीची बाटली बाळाच्या तोंडात देऊन आईला हात मोकळे करता येतात, हे तिचं आकर्षण. पण ती नीट उकळली नाही तर जुलाबाचं घर. शिवाय बाटलीची सवय लागली की काही बाळं स्तन धरायला कुरकुरतात. 1992च्या कायद्याने दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातींवर देशात बंदी आली.

आणि बोंडलं परतलं, तेही इस्पितळात. नवजात शिशूंच्या कक्षात अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईचंच पिळलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा 'पलाडाई'ने देतात. पलाडाई म्हणजे आपल्या बोंडल्याची तमिळ बहीण. 1999च्या एका भारतीय अभ्यासात बाटली आणि कपापेक्षा पलाडाईने बाळांनी कमी वेळात जास्त दूध घेतलं. 2007 साली ब्रिटनमध्ये करून पाहिलं तर उलट झालं: दूध सांडलं, वेळ लागला, बाळं त्रासली. मला यात विरोध दिसत नाही. तोटी किती कलवायची आणि गिळेपर्यंत कुठे थांबायचं, हे पाजणाऱ्या हाताला कळावं लागतं.

न ओढण्याचं एक कारण असलेल्या जिभेच्या पडद्याबद्दल मात्र हल्ली घाई फार होते. जीभ बांधलेली दिसली की कात्री किंवा लेझर. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2024 साली सांगितलं की, असा पडदा दिसणाऱ्या निम्म्याहून कमी बाळांना पिण्याची अडचण येते. कापलं तर आईचं दुखणं कमी होतं, हे खरं. पण आधी बाळाला धरण्याची पद्धत सुधारून पाहावी.

तेव्हा आजीचं पितळी बोंडलं फळीवर शोभेला ठेवा. बाळ ओढत नसेल तर पहिल्या दिवसांतच डॉक्टरला आणि स्तनपानाची जाण असलेल्या परिचारिकेला दाखवा, चीक टाकू नका. वरून पाजायचंच झालं तर आईचं पिळलेलं दूध स्टीलच्या, उकळलेल्या बोंडल्यातून द्या. बाळ जागं असावं, डोकं उचललेलं असावं, आणि ठसका लागला तर हात लगेच थांबवावा.