पडद्यावरचे मरण

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. नाटकात एका माणसाचा जीव जातो, हे काही सरकारच्या डोळ्यांवर आले नव्हते. वधावाचून पौराणिक नाटक होतेच कुठे? सरकारला खुपले ते निराळेच. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे नाडली गेलेली भारतभूमी, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे तिकीट काढून आत बसलेल्या माणसाला कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. मरणारा कोण हे प्रेक्षकाला पक्के ठाऊक होते, आणि म्हणूनच ते मरण सरकारला महागात पडण्याजोगे वाटले.

तोच कीचक पुढे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी पडद्यावर आणला. ‘सैरंध्री’ हा त्यांचा मूकपट १९२० साली पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. भीम कीचकाला ठार करतो ते दृश्य इतके हुबेहूब उतरले होते की प्रेक्षक किंचाळले, कोणाकोणाला घेरी आली, असे जुनी मंडळी सांगत आली आहेत. आणि शेवटी तो भाग कापावा लागला. ज्या प्रेक्षकाने देवळातल्या कीर्तनात कीचकवध शंभरदा ऐकला होता, त्यालाच तो पाहवला नाही. लोकमान्यांनी मात्र पेंटरांना ‘सिनेमाकेसरी’ म्हणून गौरविले. म्हणजे पहा, एकाच खलपुरुषाचे मरण आपल्याकडे दोनदा दडपले गेले: पहिल्यांदा अर्थासाठी, दुसऱ्यांदा रक्तासाठी.

ही जुनी हकीकत उकरून काढण्याचे कारण असे की, गेल्या काही वर्षांतले मारधाडीचे, रहस्याचे आणि भुताखेतांचे चित्रपट मी हौसेने पाहत आलो आहे आणि त्यांच्याबद्दल शिक्षकांच्या खोलीत भांडतही आलो आहे. ह्या भांडणात माझे सहकारी तंत्राचे गोडवे गातात. कॅमेरा कसा फिरला, रक्त कसे खरे वाटले, भूत कसे यंत्रावर घडवले! मी त्यांना एवढेच विचारतो की, मेला तो कोण होता? ह्या प्रश्नाला ज्या चित्रपटापाशी उत्तर असते तो मनात राहतो. बाकीचे थेटराबाहेर वडापाव खाईपर्यंत विसरतात.

आपल्याकडच्या मारधाडीच्या चित्रपटांची सुरुवात काही माणसे मारण्यापासून झालेली नाही. वाडिया मूव्हीटोनचा ‘हंटरवाली’ १९३५ साली आला. जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया हे दोघे पारशी बंधू, आणि त्यांची नायिका नादिया म्हणजे ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी इव्हान्स. गोरी, सोनेरी केसांची, धिप्पाड बांध्याची ही बाई हातात चाबूक घेऊन घोड्यावरून येते, गड्यांना खांद्यावर उचलून फेकते. ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये (१९३६) तर धावत्या आगगाडीच्या टपावर हाणामारी करते. तिच्या जागी कोणी दुसरा उडी मारत नसे. तिच्या चित्रपटांत दुष्ट मरत त्यापेक्षा मार खात जास्त, आणि प्रेक्षक ज्या जिवासाठी श्वास रोखून धरी तो जीव नादियाचा स्वतःचाच असे. तो हाडामांसाचा, तिथे खरोखर टपावर उभा असलेला जीव होता. पिटातल्या माणसाला तेवढे कळत होते, आणि म्हणून तिच्या गोष्टी किती बाळबोध आहेत ह्याची त्याने कधी फिकीर केली नाही. (परळची वाडियांची वास्तू पुढे शांतारामबापूंकडे आली आणि १९४२ साली तिथे राजकमल कलामंदिर उभे राहिले. चाबकाच्या जागी डॉक्टर कोटणीस आले, असे आमच्या एका मित्राने म्हटले होते, ते मला आवडले होते.)

भुतांची गोष्ट जरा निराळी आहे. पुष्कळ वर्षे आपल्या पडद्यावरचे भूत शेवटच्या रिळात माणूस निघत असे. कमाल अमरोहींच्या ‘महल’मधली (१९४९) झोपाळ्यावरची छाया अखेर माळ्याची मुलगी ठरते. आपल्या राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) घ्या. पत्नी वारली म्हणावे तर तिच्याच चेहऱ्याची बाई आरोपी म्हणून समोर उभी! राज खोसलांनी त्याच कथेवर दोन वर्षांनी हिंदीत ‘मेरा साया’ काढला. ह्या चित्रपटांत मेलेली व्यक्ती कोण, हेच तर रहस्य असे. मग १९७२ साली रामसे बंधूंचा ‘दो गज जमीन के नीचे’ आला. कराचीहून फाळणीनंतर मुंबईस आलेले हे कुटुंब. एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक ध्वनीवर, एक लेखनाला, दोघे दिग्दर्शनाला. सगळे बिऱ्हाड महाबळेश्वरी नेऊन त्यांनी थोडक्या पैशांत चित्रपट उरकला. रामशांचे मुडदे खरोखरच मुडदे होते आणि ते थडग्यातून उठून येत. टवाळी पुष्कळ झाली त्यांची, आणि त्यातली बरीच रास्तही होती. पण ‘पुराना मंदिर’मधल्या (१९८४) सामरीलासुद्धा एक जुना हिशेब चुकता करायचा होता. राजघराण्याने त्याचे शिर धडावेगळे केले होते, त्याची ती वसुली होती. मूर्खपणाच्या पुरात तेवढा एक दगड पायाखाली लागत असे.

आता अलीकडचे पाहू.

संदीप रेड्डी वांगा यांचा ‘ॲनिमल’ २०२३ च्या डिसेंबरात आला. लांबी तीन तास एकवीस मिनिटे. मध्यंतरापूर्वी हॉटेलात जी कत्तल आहे तिची चर्चा अजूनही संपत नाही. नायकावर चालून येणारी माणसे मुखवटे घालून येतात. कुऱ्हाड चालते, मग एक अजस्र यंत्रतोफ चालते, आणि माणसे गव्हाच्या पेंढ्यांसारखी आडवी होतात. ह्याच भागात अजय-अतुल यांचे डॉल्बीवाल्याचे मराठी गाणे वाजते आणि शस्त्रे पुरवणारा फ्रेडी म्हणून उपेंद्र लिमये येतात. आमच्या गावच्या थेटरात त्या क्षणी जो जल्लोष झाला तो मी विसरणार नाही. वरातीत नाचावीत तशी पोरे खुर्च्यांवर उभी राहिली. लिमये मलाही आवडले. ते कुठेही आवडतातच. परंतु माझ्या मनात आले की, ह्या मुखवट्यांखाली तोंडे का नाहीत? उत्तर सोपे आहे. तोंडे असती तर नाचता आले नसते. दिग्दर्शकाने ती झाकली ती लढाईच्या सोयीसाठी नव्हे, आपल्या सोयीसाठी. १९२० साली एका कीचकाने घेरी आणली. इथे मुडदे मोजायलाही कोणी बसले नाही. वांगा कसबी आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. बाप आणि मुलगा यांच्या ज्या प्रसंगांत ते हत्यार खाली ठेवतात तिथे तर अंगावर काटा येतो. मग त्या कसबाचा असा विनियोग का, हा राग मला आहे आणि तो जायचा नाही.

ह्याच्या उलट निखिल नागेश भट यांचा ‘किल’ घ्या. हा २०२४ च्या जुलैत थेटरांत आला. रांचीहून दिल्लीला निघालेली राजधानी, एक कमांडो, त्याची प्रेयसी, आणि डब्यात घुसलेली दरोडेखोरांची टोळी. गोष्ट पोस्टकार्डावर मावेल. रक्त म्हणाल तर ‘ॲनिमल’पेक्षा कमी नाही, किंबहुना आगीच्या नळकांड्याने डोकी फोडण्याचे जे प्रकार आहेत ते मी अर्धे डोळे मिटून पाहिले. पण भटांनी एक विलक्षण गोष्ट केली आहे. ती टोळी म्हणजे एक खानदान आहे. काका, पुतणे, भाऊ, मेहुणे, सगळे एका घरातले. पहिला दरोडेखोर पडतो तेव्हा उरलेले सूडाच्या गर्जना करीत नाहीत. ते आधी रडतात. डब्याच्या अरुंद वाटेत एक दांडगा गडी आपल्या माणसाचे डोके मांडीवर घेऊन हंबरडा फोडतो, आणि प्रेक्षकाची शिट्टी ओठांवरच राहते. नायिकेचा खून झाल्यावर, चित्रपट बराच पुढे सरकल्यावर, कुठे चित्रपटाचे नाव पडद्यावर उमटते. तिथून पुढे नायक जे करतो ते पाहताना तो आपला कोण लागतो असे वाटू लागते. प्रेते टांगून ठेवण्यापर्यंत त्याची मजल जाते. शेवटी दरोडेखोरच त्याला राक्षस म्हणतो, आणि आपल्यापाशी उत्तर नसते.

शिवाय ते डबे! मारामारीला जागा म्हणून मोकळे मैदान देणे सोपे. इथे दोन बर्थांमधली वीत-दीड वीत जागा, शिडी, पडदे, शौचालयाचे दार. लाँग जंप नाही की हवेत तरंगणे नाही. ज्याने रात्रीच्या गाडीने कधी प्रवास केला आहे त्या प्रत्येकाला तिथला प्रत्येक कोपरा ओळखीचा. नादियाच्या टपानंतर आगगाडीचे इतके चीज झालेले मला तरी आठवत नाही.

रहस्यपटांबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण इथे माझे मत एकाच चित्रपटापाशी अडून बसले आहे. श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ (२०१८) पुण्यात घडतो. आंधळेपणाचे सोंग करणारा पियानोवादक वाजवतो आहे आणि त्याच्या डोळ्यांदेखत एका प्रेताची विल्हेवाट लावली जाते आहे. तोंडून अक्षर न काढता, केवळ खाणाखुणांनी! सगळे तो प्रसंग नावाजतात. मला त्याआधीचा भाग अधिक मोलाचा वाटतो. मेलेला माणूस उतरत्या वयाचा नट आहे, आपल्याच जुन्या गाण्यांच्या चित्रफिती कौतुकाने पाहणारा, तरुण बायकोसाठी लग्नाच्या वाढदिवसाची गुपचूप तयारी करणारा. आणि ती भूमिका खरोखरच सत्तरीच्या दशकातला नायक असलेल्या अनिल धवन यांनी केली आहे. आपण त्याला हसतो, थोडे ओळखू लागतो, आणि दुसऱ्या खेपेला तो जमिनीवर पडलेला दिसतो. पियानोचे सूर चालूच असतात.

भयपटांत मराठी माणसाने हल्ली बरेच काही केले आहे, आणि ह्यात मला अभिमानापेक्षा कुतूहल जास्त आहे. आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ २०२४ साली आला आणि खूप चालला. मुंज झाल्यावर दहा दिवसांच्या आत मेलेला पोर पिंपळावर राहतो, ही समजूत कोकणात आजीच्या मांडीवर प्रत्येकाने ऐकलेली. आरंभीचा १९५२ सालचा भाग, तो मुंडण केलेला हट्टी गोट्या, रात्रीचा पिंपळ, बहिणीचा बळी द्यायला निघालेले ते लेकरू, हे सगळे अस्सल आहे. तिथे मेला तो कोण, हे आपल्याला नावानिशी ठाऊक होते. पण पुढे तोच गोट्या संगणकावर घडवलेले बाहुले होऊन दिवसाउजेडी बागडू लागतो, विनोद करतो, आणि भीती निघून जाते. मुले खूश झाली. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’वर (१९९३) आम्ही जसे खूश झालो होतो तशीच. मात्र तात्या विंचू हा रामदास पाध्यांच्या हातचा बाहुला होता, हाताला लागणारा, खोलीच्या कोपऱ्यात खरोखर बसलेला. रात्री पाणी प्यायला उठताना त्याची आठवण येत असे.

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) त्या मानाने कमी लोकांनी पाहिला. हिंदीत त्याचा ‘छोरी’ (२०२१) झाला तेव्हा नाव कानावर गेले. गरोदर बाई, आडबाजूचे घर, आणि भोवती उसाचा फड. भूत रात्री येते हा नियम ह्या चित्रपटाने मोडला. भर दुपारी उसात शिरताना जी धडकी भरते ती खेड्यात वाढलेल्याला निराळी सांगायला नको. आणि त्या उसात कोण आहे? मुलगी नको म्हणून ज्यांचा जीव घेतला गेला त्या मुली, त्यांच्या आया. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली निघाल्या होत्या. हा आकडा मी वर्गात फळ्यावर लिहिला आहे. मुलांनी तो वहीत उतरवून घेतला आणि पान उलटले. उषा नाईक यांची ती तुळसाबाई पाहिल्यावर पान तसे उलटत नाही.

राहिला ‘तुंबाड’. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट २०१८ साली आला. त्याच्या मुळाशी नारायण धारपांची एक कथा आहे. धारपांना साहित्यिकांच्या पंगतीत पाट मांडायला आपण कायम कचरलो, आणि त्यांचे बोट धरून निघालेला चित्रपट आपल्या भयपटांच्या माथ्यावर जाऊन बसला, ही एक गंमतच आहे. नाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावाचे, श्री. ना. पेंडश्यांच्या कादंबरीने घरोघर पोचवलेले. पाऊस अनेक पावसाळे थांबून टिपलेला. १९१८ पासून १९४७ पर्यंत एका माणसाची सोन्याची हाव वाढत जाते आणि ती तो मुलाच्या हाती देतो. २०१८ साली चित्रपट आला तसा गेला. २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लावला तेव्हा पहिल्या खेपेहून जास्त गल्ला जमला. आमच्याकडे तेव्हा तो रात्रीच्या खेळाला लागला होता आणि ‘ॲनिमल’ला नाचलेल्या पोरांपैकी कितीतरी तिथे दिसली.

विनायक वाड्यात परत येतो तो प्रसंग. लहानपणी जिला जेवण भरवायला आई घाबरे ती साखळीतली म्हातारी इतक्या वर्षांनीही मेलेली नाही. वाडा पडला आहे, तिच्या अंगातून झाड उगवले आहे, मुळे तिच्यातून जमिनीत गेली आहेत, आणि ती अजून बोलते आहे. तिच्यापाशी खजिन्याची वाट आहे. विनायकापाशी तिला द्यायला एकच गोष्ट आहे, ती म्हणजे मरण. सौदा ठरतो. तो तिला आग लावतो. जिने कोणाचा खून केलेला नाही, जिला कोणी शत्रू नाही, अशी घरातलीच एक म्हातारी जळते आहे आणि नातू खजिन्याच्या वाटेला लागला आहे. थेटरात तेव्हा कोणी शिट्टी वाजवली नाही. माझ्या पुढच्या रांगेतला पोरगा हातातला मक्याच्या लाह्यांचा पुडा तसाच धरून बसला होता, आणि मध्यंतराचे दिवे लागले तरी त्याला तो खाली ठेवायचे सुचले नव्हते.