खिडकी-प्रणालीतील मालकी आणि वारसा : ‘एक्स’ची समाप्ति-व्यवस्था

नाशिकच्या तपोवनात २०१५ च्या सिंहस्थासाठी साधुग्राम वसले आणि पर्व सरल्यावर ते उठले. अशा तात्पुरत्या वसाहतीत जागा नेमून देणे सोपे असते. जाणाऱ्याच्या मागे काय उरले व ते कोणी आवरावयाचे, हे ठरविणे अवघड असते. संगणकाच्या पडद्यावरील खिडक्यांचा कारभार पाहणाऱ्या प्रणालींपुढेही हाच प्रश्न होता. त्याला ‘एक्स’ने दिलेले उत्तर मूलतः मालकीविषयक होते.

रॉबर्ट शायफ्लर व जिम गेटिस यांनी १९८४ मध्ये एमआयटी येथे, स्टॅनफर्डच्या ‘डब्ल्यू’ या प्रणालीच्या आधारे, ‘एक्स’ची उभारणी आरंभिली. तिची अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. या रचनेत पडदा, कळफलक व माउस सर्व्हरच्या ताब्यात असतात. खिडकी मागणारा प्रोग्राम, म्हणजे क्लायंट, दुसऱ्या यंत्रावरूनही चालू शकतो. तो अकस्मात कोसळल्यास सर्व्हरला एवढेच कळते की, जोडणी तुटली. म्हणून जोडणीच्या वेळीच प्रत्येक क्लायंटला क्रमांकांचा स्वतंत्र पट्टा नेमून दिला जातो. त्याच्या खिडक्या, पिक्समॅप, फाँट व कर्सर यांना त्याच पट्ट्यातील क्रमांक मिळतात. निरोप न घेता गेलेल्याची मालमत्ता त्यामुळे निश्चित ओळखता येते.

सर्वसाधारण नियम ही सर्व मालमत्ता नष्ट करण्याचा आहे. परंतु पडद्याची पार्श्वभूमी रंगविणारा प्रोग्राम क्षणात संपतो आणि त्याचे काम मात्र मागे राहावयास हवे असते. अशांसाठी ‘रिटेन-परमनंट’ व ‘रिटेन-टेम्पररी’ हे पर्याय ठेवण्यात आले. राखलेली साधने पुढे ‘किल-क्लायंट’ या विनंतीने मोकळी करता येतात. ती कोणीच न केल्यास ती स्मृती अडवून बसतात.

दुसरा अपवाद अधिक महत्त्वाचा होय. ‘एक्स’मध्ये विंडो मॅनेजर हाही एक क्लायंटच असून, तो इतरांच्या खिडक्या आपल्या चौकटींत बसवितो. खिडकी नष्ट झाली की तिच्या पोटातील खिडक्याही नष्ट होतात. तेव्हा मॅनेजर कोसळताच निरपराध प्रोग्रामांच्या खिडक्या बुडाल्या असत्या. हे टाळण्यासाठी ‘सेव्ह-सेट’ची योजना झाली. मॅनेजरने या यादीत नोंदविलेल्या परक्या खिडक्या, त्याच्या चौकटी मोडण्यापूर्वी, त्याने न निर्मिलेल्या नजीकच्या पूर्वज-खिडकीकडे सोपविल्या जातात.

क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये आरंभिलेल्या ‘वेलँड’मध्ये हे अपवाद उरले नाहीत. तेथे क्लायंटची जोडणी तुटली की त्याच्या सर्व वस्तू जातात. आणि कंपोझिटर हाच सर्व्हर व विंडो मॅनेजर असल्याने ‘सेव्ह-सेट’चे प्रयोजनच संपते. व्यवस्था सुटसुटीत झाली खरी; पण कंपोझिटर कोसळल्यास सर्वांच्याच जोडण्या तुटतात. ‘एक्स’मध्ये व्यवस्थापकाच्या मृत्यूनंतरही आश्रितांना सांभाळणारा सर्व्हर मागे उरत असे. ‘वेलँड’मध्ये व्यवस्थापक आणि सांभाळकर्ता एकच झाल्याने, त्याच्या पश्चात कोण, हा जुना प्रश्न एक पायरी वर सरकला, तो सुटला असे म्हणता येत नाही.