सोसण्याचा इतिहास

'सोशिक' हा शब्द आपण मराठीत कौतुकाने वापरतो. 'बाई मोठी सोशिक' म्हटलं की त्या बाईचं अर्धं चरित्र सांगून होतं. माझी थोरली बहीण अशीच सोशिक. आम्ही तिला आपा म्हणायचो. तिला कॅन्सर झाला आणि केमो सुरू झाले. दुसऱ्या केमोनंतर डॉक्टरांनी विचारलं, ''कसं वाटतंय?'' आपा म्हणाली, ''ठीक आहे.'' मग बाहेर येऊन बाकावर बसली. मी पाण्याची बाटली पुढे केली तर तिने नुसती मान हलवली. तोंड फोडांनी इतकं भरलं होतं की दोन दिवस धड पाण्याचा घोट घशाखाली उतरला नव्हता.

''मग आत सांगितलं का नाहीस?'' मी विचारलं. ती म्हणाली, ''एवढ्या मोठ्या डॉक्टरला तोंडातले फोड काय सांगायचे? आणि त्रास होतो म्हटलं तर औषध बंद करतील.''

एक संकोच आणि एक भीती. आपल्याकडच्या कितीतरी रुग्णांच्या तोंडाला या दोन गोष्टींनी कुलूप घातलेलं असतं. मी कविता लिहिणारा, साधा बी. ए. झालेला माणूस; विज्ञानाशी माझा संबंध शाळेपुरताच. पण त्या दिवसापासून या विषयावरचं मिळेल ते वाचत गेलो. कॅन्सरच्या उपचारांचा इतिहास सहसा शोधांचा म्हणून सांगितला जातो: कोणते किरण सापडले, कोणतं औषध आलं. त्याच्या शेजारून दुसराही एक इतिहास चालत आला आहे. रुग्णांनी काय सोसलं आणि ते कमी कसं होत गेलं, याचा. आज तो तुम्हाला सांगायचा आहे.

सुरुवात किरणांपासून करू. नोव्हेंबर १८९५ मध्ये जर्मनीत राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात जॉन डॅनियल यांनी आपल्या एका सहकाऱ्याच्या डोक्यावर हे किरण टाकून फोटो घेण्याचा प्रयत्न केला. तीन आठवड्यांनी किरण पडले होते तेवढ्या भागावरचे केस गळून गेले. म्हणजे किरणांनी कॅन्सर बरा होतो हे सिद्ध होण्याच्या आधीच त्यांनी केस गळतात हे जगाला कळलं होतं. १९०१ साली बेकरेल यांनी रेडियमची नळी खिशात ठेवली आणि त्यांची कातडी भाजली. पिएर क्यूरी यांनी तर मुद्दाम हातावर रेडियम ठेवून जखम कशी होते आणि कशी भरते याची नोंद केली. जे निरोगी कातडी भाजतं ते रोगट गाठही जाळेल, हा विचार अशा अनुभवांतून बळावला.

त्या पिढीतल्या किरणांच्या कामकऱ्यांनी बोटं गमावली, हात गमावले, शेवटी जीव गमावले. त्यांच्या स्मरणार्थ १९३६ साली हॅम्बुर्गमध्ये एका रुग्णालयाच्या आवारात स्तंभ उभारला गेला. पहिल्यांदा त्यावर १६९ नावं कोरली होती. सोसण्याची सुरुवात अशी डॉक्टरांपासूनच झाली, हे विसरून चालणार नाही.

रुग्णांना त्या काळी थोड्या वेळात मोठा डोस देत. गाठीबरोबर वरची कातडीही जळे. यातून वाट काढली ती पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटने. तिथे क्लोडियस रेगो यांनी मेंढ्यांवर प्रयोग केले. किरणांचा एकच मोठा डोस देऊन मेंढा निर्बीज करायला गेलं तर वृषणावरची कातडी भाजायची. डोस तुकड्यातुकड्यांनी, दिवसांचं अंतर ठेवून दिला तर काम व्हायचं आणि कातडी वाचायची. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी १९२० च्या दशकात घशाच्या कॅन्सरच्या रुग्णांना याच रीतीने, कित्येक आठवडे थोडे थोडे किरण दिले. गाठी विरघळल्या आणि माणसंही टिकली.

आपल्याकडे रुग्ण 'लाईट घ्यायला जातो' म्हणतात. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत राज्याच्या कानाकोपऱ्यातून आलेली माणसं उपचारांसाठी आठवडेच्या आठवडे काढतात. पाच मिनिटांच्या लाईटसाठी सोमवार ते शुक्रवार रोज रुग्णालय गाठायचं. शेती, गुरं, पोरांच्या परीक्षा गावाकडे. 'एकदाच सगळी लाईट का देत नाहीत?' हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो. त्याचं उत्तर त्या पॅरिसच्या मेंढ्यांत आहे. हे दिवस निरोगी पेशींना सावरायला दिलेले असतात. आता काही कॅन्सरमध्ये हा मुक्काम तीन आठवड्यांवर किंवा त्याहूनही कमी दिवसांवर आला आहे. पण तत्त्व तेच.

आता केमोकडे वळू. त्याचं मूळ युद्धात आहे. २ डिसेंबर १९४३ च्या रात्री इटलीच्या बारी बंदरावर जर्मन विमानांनी बॉम्बवर्षाव केला. बंदरात 'जॉन हार्वे' हे अमेरिकी जहाज उभं होतं आणि त्यात मस्टर्ड वायूचे सुमारे दोन हजार बॉम्ब होते. ही गोष्ट गुप्त असल्याने, पाण्यातून बाहेर काढलेल्या खलाशांच्या अंगाला काय लागलं आहे हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. तपासासाठी आलेले डॉ. स्टुअर्ट अलेक्झांडर यांना दिसलं की या लोकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने नाहीशा होत आहेत. त्याच्या आदल्याच वर्षी येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन या संशोधकांच्या पुढाकाराने त्याच कुळातलं नायट्रोजन मस्टर्ड लिंफोमाच्या एका रुग्णाला गुप्तपणे देण्यात आलं होतं. गाठी वितळल्या होत्या, रक्तही ओसरलं होतं, आणि काही दिवसांनी गाठी परत आल्या होत्या.

१९४८ साली बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना ॲमिनोप्टेरिन दिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते औषध ज्यांच्या देखरेखीखाली तयार झालं ते शास्त्रज्ञ आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे, यल्लाप्रगडा सुब्बाराव. ज्या आजारात मुलं काही आठवड्यांत जायची, त्यात काही मुलं महिनोन्‌महिने खेळती राहिली. पण याच औषधाने मुलांची तोंडंही फोडांनी भरली. आपाच्या तोंडातले फोड इतके जुने आहेत.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. केमोची ही जुनी औषधं कॅन्सरची पेशी तिच्या चेहऱ्यावरून ओळखत नाहीत. तिच्या घाईवरून ओळखतात. जी पेशी भराभर विभागते तिच्यावर ती घाव घालतात. केसांची मुळं, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, हाडांतला मगज इथल्या पेशीही अशाच घाईच्या. म्हणून केस जातात, तोंड येतं, रक्त कमी होतं. औषध आणि त्याचा जाच ही एकाच घावाची दोन टोकं आहेत. म्हणूनच फार काळ असं मानलं गेलं की हा जाच म्हणजे द्यावीच लागणारी किंमत आहे. त्याबद्दल वेगळं काय करणार?

ही समजूत सिस्प्लॅटिन नावाच्या औषधाने हलवली. मिशिगनच्या बार्नेट रोझेनबर्ग यांना १९६५ मध्ये, जंतूंवर विजेचा काय परिणाम होतो हे पाहताना, प्लॅटिनमच्या पट्ट्यांपासून बनलेल्या संयुगाचा हा गुण योगायोगाने सापडला. १९७८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. वृषणाच्या कॅन्सरने हमखास जाणारी तरुण मुलं बरी होऊ लागली. पण या औषधाने किडनी बिघडायची आणि उलट्या तर थांबता थांबत नसत. काही रुग्ण मरण पत्करून उपचार सोडून देत. काहींना पुढे पुढे रुग्णालयाची पायरी चढतानाच, तिथल्या वासानेच उलटी व्हायची.

किडनीवर उपाय लवकर निघाला. औषधाआधी आणि नंतर भरपूर सलाईन द्यायचं. किडनीचा त्रास रक्ताच्या रिपोर्टात आकड्याने उमटतो, डॉक्टरला तो समोर दिसतो. उलटीचा रिपोर्ट नसतो. ती रात्री घरी होते, आणि सकाळी विचारलं की रुग्ण म्हणतो, ठीक आहे.

मग न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग रुग्णालयातल्या रिचर्ड ग्राल्ला यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी उलट्या मोजल्या. मेटोक्लोप्रमाइड हे जुनंच औषध मोठ्या डोसात दिलेले रुग्ण एका बाजूला आणि न दिलेले दुसऱ्या बाजूला. न दिलेल्यांना साधारण दहा-अकरा उलट्या होत होत्या, दिलेल्यांना एखादीच. हे १९८१ साली छापून आलं. जो त्रास नशिबाचा भाग मानला होता, तो आकड्यात मांडल्याबरोबर उपचाराचा विषय झाला.

दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी ९९ रुग्णांपुढे ७३ पत्ते ठेवले. प्रत्येक पत्त्यावर एक त्रास लिहिलेला. तुम्हाला जे होतं ते निवडा आणि सर्वांत जास्त काय छळतं ते क्रमाने लावा. पहिल्या क्रमांकावर आली उलटी, दुसऱ्यावर मळमळ, तिसऱ्यावर केस जाणं. पाचांत आणखी दोन गोष्टी होत्या: उपचाराला यायचं आहे हा विचार, आणि उपचारात जाणारा वेळ. दुखण्याच्या बरोबरीने धास्ती आणि वाट पाहणंही माणसाला छळतं, हे रुग्णांनीच सांगितलं. कुणीतरी विचारलं म्हणून सांगितलं.

१९९१ साली अमेरिकेत ऑन्डान्सेट्रॉनला मान्यता मिळाली. केमोमुळे आतड्यातून सुटणारं सेरोटोनिन मेंदूकडे उलटीचा निरोप धाडतं. हे औषध तो निरोप वाटेतच अडवतं. त्याच वर्षी पांढऱ्या पेशी वाढवणारं फिलग्रास्टिमचं इंजेक्शन आलं. आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दाखवलं की फाइव्ह-एफयू हे औषध शिरेतून एकदम देताना अर्धा तास तोंडात बर्फाचे तुकडे चघळले तर तोंड कमी येतं. थंडीने तोंडातल्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि तिथे औषध कमी पोहोचतं, एवढंच त्यातलं गुपित. पुढे ऑस्ट्रेलियात पत्त्यांचा तोच प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा उलटी पहिल्यावरून पाचव्या क्रमांकावर घसरली होती. मळमळ मात्र वर चढून पहिली झाली होती आणि तिच्या मागोमाग थकवा.

मळमळीच्या बाबतीत मुंबईचाही वाटा आहे. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात ओलान्झापिन या मूळच्या मानसिक आजारावरच्या गोळीचा अभ्यास झाला. ती मळमळ थांबवते, पण १० मिलिग्रॅम घेतल्यावर माणूस दिवसभर पेंगतो. टाटातल्या डॉक्टरांनी २.५ मिलिग्रॅम देऊन पाहिली. गुण तेवढाच आणि गुंगी बरीच कमी, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसलं. औषधाने उलटी थांबली एवढ्यावर समाधान न मानता, रुग्ण दुसऱ्या दिवशी जागा राहून घरच्यांशी दोन शब्द बोलू शकतो का, हेही पाहिलं गेलं.

आणि आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. न्यूयॉर्कच्या त्याच रुग्णालयात इथन बाश यांनी ७६६ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटाला तेच उपचार, फक्त हे रुग्ण आपला त्रास स्वतः संगणकावर नोंदवायचे आणि तो वाढला की नर्सला सूचना जायची. २०१७ साली निष्कर्ष आला. नेहमीच्या गटातले रुग्ण मध्यमानाने २६ महिने जगले, नोंद करणारे ३१ महिने. पाच महिने जास्त, आणि कुठलंही नवं औषध न देता. त्रास वेळेवर कळला, वेळेवर हाताळला गेला, आणि म्हणून उपचार अधिक काळ सोसवले.

आपाला असा संगणक कुणी दिला नव्हता. तिला भेटली एक सिस्टर. बाकावर बसलेली पाहून ती थांबली. तिने 'कसं वाटतंय' विचारलं नाही; विचारलं, ''आजी, काल काय काय जेवलात?'' या प्रश्नाला 'ठीक आहे' हे उत्तर चालत नाही. आपाला तोंड उघडून दाखवावंच लागलं. मग मीठ-सोड्याच्या गुळण्या, जेवणाआधी लावायचं बधिर करणारं औषध, तिखटाऐवजी मऊ भात आणि गार दूध. केमो बंद झाला नाही. सिस्टरने तिला आणखी एक सांगितलं: केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात, त्या दिवसांत ताप १००.४ च्या वर गेला तर घरी गोळी घेऊन पडून राहायचं नाही, रात्र असली तरी रुग्णालय गाठायचं. तिथे सोसणं जिवावर बेततं.

आपा घरी आली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करू लागली. त्याच कॅलेंडरवर ती वर्षानुवर्षं दुधाचा हिशेब ठेवायची. आता दुधाच्या आकड्याखाली उलट्यांच्या रेघा, तापाचा आकडा, तोंड आलं की एक फुली. पुढच्या वेळी ते पान फाडून तिने डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी ते नीट वाचलं आणि गोळ्या बदलल्या. तिसऱ्या केमोनंतर 'पुरे आता' म्हणणारी आपा सहाही केमो घेऊन उठली.

आमच्या घरात सब्र या शब्दाला फार मान. आपाला तो पाठच होता. पण सब्र म्हणजे गप्प बसणं नव्हे. ज्यांच्या सब्राचे दाखले दिले जातात त्या हजरत अय्यूबांनीही आपलं दुखणं अल्लाहपुढे बोलून दाखवलं होतं आणि ते ऐकलं गेलं. हे मी एकदा आपाला म्हणालो. ती हसली आणि म्हणाली, ''मग पेन्सिल कुठे ठेवलीस? सकाळची रेघ राहिलीये.''

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)