वाकळीची वाटणी

महसूल खात्यातील नोकरीत इतरांच्या जमिनींच्या वाटण्या पुष्कळ पाहिल्या. परंतु स्वतःच्या घरातील एका जुन्या वाकळीची वाटणी करण्याची वेळ आली, तेव्हा मी निरुत्तर झालो. आजीने शिवलेली ती वाकळ आम्हां तिन्ही भावांच्या घरी हवी होती. मध्यभाग विरलेला, कडा तेवढ्या शाबूत. सूनबाई म्हणाली, "बाबा, चांगल्या भागाच्या चेन लावलेल्या छोट्या पिशव्या शिवते. प्रत्येक घरी एकेक राहील." आजीच्या हातच्या वस्तूला कात्री लावायची, ही कल्पनाच मला सोसेना.

त्या निमित्ताने मात्र वाकळ प्रथमच निरखून पाहिली. वरचा थर इरकली लुगड्याचा. त्यावर खणाचे लहानलहान तुकडे. चोळी बेतल्यावर उरलेले हे तुकडे टाकून देणे त्या पिढीच्या स्वभावात नव्हते. इरकल आणि खणांसाठी प्रसिद्ध असलेले गुळेदगुड्ड ही दोन्ही गावे आज बागलकोट जिल्ह्यात आहेत. १९९७ पर्यंत ती विजापूर जिल्ह्यात होती, आणि १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी विजापूर, धारवाड व आपले बेळगाव हे तिन्ही जिल्हे मुंबई राज्यात होते. कन्नड विणकराने विणलेला खण मराठी घरात ओटीत पडे, त्याची चोळी होई, आणि उरलेला तुकडा वाकळीत जाई. इरकली लुगड्याचा पदरदेखील मूळचा जोडलेलाच असतो. अंगाचे उभे धागे आणि पदराचे उभे धागे मागावरच एकमेकांत अडकवतात. या जोडणीस 'कोंडी' म्हणतात.

वाकळीची भावंडेही आसपासच आहेत. कन्नड घरांत तिला 'कौदी' म्हणतात. हल्याळ-यल्लापूर भागातील सिद्दी स्त्रिया 'कवंडी' शिवतात. त्या कडेपासून आरंभ करून धावदोरा आत आत फिरवीत नेतात आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या चिंधीचे 'फूल' लावतात. संस्कृतातील 'कंथा' म्हणजेही ठिगळांचे वस्त्र. बंगालची 'काँथा' त्याच कुळातली. ठिगळांच्या वस्त्रामुळे गाडगेबाबांनाही लोक 'गोधडे महाराज' म्हणत.

लहान पिशवीही आपल्याला नवी नाही. पानसुपारीची कप्प्याकप्प्यांची चंची आणि नाडी ओढून बंद करायचा बटवा जुन्या घरांत असेच. नवी आहे ती चेन. व्हिटकॉम्ब जडसन या अमेरिकनाने १८९३ मध्ये तिचा आद्य नमुना शिकागोच्या प्रदर्शनात मांडला. पण तो भरवशाचा नव्हता. मूळचे स्वीडनचे अभियंते गिडियन संडबॅक यांनी १९१३ मध्ये तिला आजचे दातेरी रूप दिले. चेनेचे वय एका शतकाहून थोडे अधिक; धावदोऱ्याचे वय कोणी मोजावे?

अखेर मी संमती दिली. तयार वाकळ कापताना टाके उसवतात, म्हणून सूनबाईने आखलेल्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी आधी मशीनची टीप मारली आणि मगच मधून कात्री चालवली. कापलेल्या कडेत थर उघडे पडले. धोतराच्या थराखाली आणखी एक, कितीतरी जुनी वाकळ निघाली! तिचे टाके निराळे, अधिक लांब. ते आजीच्या सासूबाईंचे असावेत. म्हणजे आजीनेही कोणाच्या तरी हातच्या वस्तूला कात्री लावली होती, आणि म्हणूनच ती वस्तू आमच्यापर्यंत पोहोचली होती. माझा आक्षेप तेथेच संपला.

पुढचे काम सोपे होते. वाकळीचा तुकडा आणि सुती अस्तर यांच्या मध्ये चेन धरून शिवली. मग कापड उलटे करून बाजू शिवल्या. त्याआधी चेन अर्धी उघडी ठेवावी लागते. नाहीतर पिशवी सुलटी करता येत नाही. आजीचे टाके कोठेही उसवले नाहीत. विरलेला मध्यभागही टाकला नाही. तो पुढच्या वाकळीच्या पोटात जाईल.

आज तिन्ही घरांत एकेक पिशवी आहे. प्रत्येकीत मी एक चिठ्ठी ठेवली आहे: लुगडे कोणाचे, धोतर कोणाचे, खण कोणत्या लग्नातला. आपल्या पेट्यांतील वाकळींबद्दल हे सांगू शकणारी माणसे घरात आहेत, तोवर वाचकांनी एवढे लिहून ठेवावे. कापड जोडता येते. विसरलेले नाव मागाहून जोडता येत नाही.