निवळी, भोत आणि बिअर



नागनाथाच्या गावी, वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून बिअरचा विषय काढावा, हे काहींना विपरीत वाटेल. जेथे विसोबा खेचरांनी नामदेवांचे डोळे उघडले असे परंपरा सांगते, त्या देवालयाच्या सावलीत मद्याची चर्चा! परंतु मला मद्यपानाची तरफदारी करावयाची नाही. मद्य प्यावे की नाही हा एक प्रश्न, आणि ते शाकाहारी आहे की नाही हा अगदी दुसरा. या दोहोंची आपल्याकडे नेहमी गल्लत होते. आपल्या स्मृतिकारांनी सुरापान महापातकांत घातले ते सुरेत मांस असते म्हणून नव्हे. कौटिल्याने मेदक, प्रसन्ना, आसव, मैरेय अशी मद्ये सांगितली आहेत. त्यांची सामग्री तांदूळ, पीठ, गूळ, साली, फळे अशीच आहे. त्यांतील ‘प्रसन्ना’ हे नाव तेवढे लक्षात ठेवावे. संस्कृतात प्रसन्न म्हणजे निवळ, स्वच्छ. आजचा सारा विषय या निवळपणाचाच आहे.

बिअर मूळची धान्याची. सातू भिजवून त्याला मोड आणावयाचे, ते भाजून भरडावयाचे, गरम पाण्यात त्यांचा गोड अर्क उतरवावयाचा, त्यात हॉप नावाच्या वेलीची कडवट फुले उकळावयाची आणि मग तो अर्क किण्वाच्या स्वाधीन करावयाचा. बव्हेरियात १५१६ साली निघालेल्या प्रसिद्ध फर्मानाने सातू, हॉप आणि पाणी याखेरीज काही घालण्यास मनाई केली. किण्वाचे नाव त्यात नाही, कारण ते सजीव आहे हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. त्याची उकल एकोणिसाव्या शतकात झाली आणि लुई पाश्चरचा बिअरवरचा ग्रंथ १८७६ साली बाहेर पडला. तोपर्यंत पाहावे तर मासा कोठेच नाही.

मासा येतो तो निवळण्याच्या वेळी. पावसाळ्यातले गढूळ पाणी निवळावयाचे तर आपल्या आज्या माठात निवळीचे बी उगाळीत, नाहीतर तुरटी फिरवीत. गाळ खाली बसे, पाणी वर स्वच्छ राही, आणि पाणी पिणारा निवळीचे बी ‘खात’ आहे असे कोणी म्हणत नसे. बिअरमध्येही किण्वाचे कण तरंगत राहून ती गढूळ दिसते. इंग्लंडातील बिअरवाल्यांना यावर जी निवळी सापडली ती माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीची. ही पिशवी वाळवून, विरघळवून पिंपात घातली की तिच्यातील धन विद्युत्‌भार असलेली प्रथिने ऋण भाराच्या किण्वकणांना चिकटतात आणि सारा गोळा तळाशी बसतो. उत्तम माल रशियातील स्टर्जन माशाचा असे व तो फार महाग पडे. म्हणून विल्यम मर्डॉक या कल्पक गृहस्थाने, ज्याने कोळशाच्या वायूचे दिवे लावून दाखवले त्यानेच, १७९५ च्या सुमारास कॉड माशापासून स्वस्त बदली माल काढला.

पुढे कंपनी सरकारची दृष्टी आपल्या किनाऱ्याकडे वळली. जॉन फोर्ब्स रॉइल याने १८४२ साली हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवर हा पदार्थ कसा काढता येईल यावर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. मुंबईहून अशा वाळवलेल्या पिशव्या चीनला जात. तेथे त्यांचे सूप करतात. घोळ माशाच्या या पिशवीला आपल्या किनाऱ्यावर भोत म्हणतात. तिची किंमत पाहावयाची तर २०२१ च्या ऑगस्टअखेरची पालघरजवळच्या मुरबे गावची गोष्ट पाहावी: एका नावेला १५७ घोळी सापडल्या आणि त्या सुमारे १ कोटी ३३ लाख रुपयांना गेल्या! असा माल आता बिअरच्या पिंपात कोण ओतील?

हाच प्रश्न आपल्या लोकांना पूर्वी साखरेच्या निमित्ताने पडला होता. एकोणिसाव्या शतकात युरोपातले कारखानदार साखर शुभ्र करण्यासाठी हाडांचा कोळसा आणि बैलाचे रक्त वापरीत. १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या चळवळीत ही गोष्ट गावोगाव पोचली आणि परदेशी साखर न खाण्याच्या शपथा झाल्या. त्या साखरेत हाडाचा कणही उरत नव्हता, हे बहुधा खरे होते. पण लोकांनी कण मोजले नाहीत, रीत पाहिली. मला त्यांचे म्हणणे बरोबर वाटते. आज आपल्याकडील बहुतेक कारखाने उसाचा रस चुना आणि गंधकाच्या वायूने शुद्ध करतात, तेव्हा चहा निर्धास्त प्यावा.

याहून खोल गेले ते जैन आचार्य. आपल्याच तालुक्यात शिरड शहापूरला मल्लिनाथांचे क्षेत्र आहे. त्या परंपरेतील अमृतचंद्राचार्यांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’त मद्य हे असंख्य जीवांचे उत्पत्तिस्थान मानले आहे. त्यांच्या मते ते पिणे ही हिंसाच. मग निवळी माशाची असो वा बियांची. सूक्ष्मदर्शक यंत्र नसताना त्यांनी आंबण्यातला जीव ओळखला, याचे नवल वाटते. इंग्लंडात १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या ‘व्हीगन’ पंथाला नाव दिले, तो मात्र किण्वाला बुरशी समजून मोकळा सोडतो आणि दूध व मध वर्ज्य करतो. म्हणून दुधाची साखर घातलेली काळी बिअर आपल्या शाकाहाऱ्याला चालेल, व्हीगनाला चालणार नाही.

आता व्यवहार. बाटलीबंद बिअर आज बहुतेक ठिकाणी सूक्ष्म शैवालांच्या अश्मीभूत मातीतून गाळतात किंवा यंत्राने फिरवून निवळतात, आणि थंडीत ती धुरकट होऊ नये म्हणून पपईच्या चिकातले पापेनही वापरतात. डब्लिनच्या गिनेस कंपनीने २०१५ साली माशाची निवळी सोडत असल्याचे जाहीर केले. जुन्या इंग्रजी धाटणीच्या पिंपातल्या बिअरमध्ये मात्र ती अजून भेटते.

मग ग्राहकाने ओळखावे कसे? बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण असतो. आपल्या २०११ च्या अन्नविषयक नियमांत मांसाहारी पदार्थाच्या व्याख्येत समुद्रातले प्राणीही धरले आहेत. पण त्याच नियमांनी पाणी, दूध आणि मद्य यांना ठिपक्यातून सूट दिली, आणि २०२० च्या नियमांनीही ती ठेवली. शिवाय निवळी तळाशी बसून गेली की तिला घटक म्हणावे कसे, असे कारखानदार म्हणणार. तेव्हा ज्याला खरोखर जाणून घ्यावयाचे आहे त्याने कारखान्याला पत्र घालून एवढेच विचारावे, की आपण माल निवळता तो कशाने?