बांधकामाचे भांडवल आणि व्यावसायिक क्रीडासंघ : पुण्यातील तीन उदाहरणे

नागपूरच्या वाचकाला क्रीडासंघाचा ‘मालक’ ही संज्ञा काहीशी परकी वाटावी, यात नवल नाही. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूर येथे विदर्भाने दिल्लीचा पराभव करून रणजी करंडक प्रथमच जिंकला, तेव्हा तो संघ कोणा एका गृहस्थाचा नव्हता. विदर्भ क्रिकेट असोसिएशन या संस्थेचा तो संघ, आणि सिव्हिल लाइन्समधील जुने मैदान काय किंवा जामठ्याचे नवे क्रीडांगण काय, दोन्ही त्याच संस्थेची. दुसऱ्या पद्धतीचा नमुना मात्र याच जामठ्याने पाहिला आहे. २०१० मध्ये तेलंगण आंदोलनामुळे हैदराबादेस सामने खेळणे अशक्य झाले, तेव्हा डेक्कन चार्जर्स हा आयपीएलमधील संघ काही ‘घरचे’ सामने येथे येऊन खेळला. त्याची मालकी एका वृत्तपत्र कंपनीकडे होती. कंपनी आर्थिक अडचणीत सापडली आणि २०१२ मध्ये संघही संपला. मैदानावरील जयापजयाशी या अंताचा संबंध नव्हता.

संघाचे आयुष्य असे मालकाच्या ताळेबंदाला बांधले जाते, तेव्हा मालकाचा धंदा कोणता, हा प्रश्न गौण राहत नाही. बांधकामाच्या धंद्यापुरता या प्रश्नाचा विचार करावयाचा तर पुण्याइतके सोयीचे क्षेत्र महाराष्ट्रात दुसरे नाही. २००७ ते २०१९ या बारा वर्षांत त्या शहरात तीन व्यावसायिक फुटबॉल संघ उभे राहिले. तिन्हींच्या मागे जमीन, घरबांधणी अथवा गृहकर्ज यांचा पैसा होता, आणि आज तिन्हींपैकी एकही अस्तित्वात नाही.

पहिला संघ पुणे फुटबॉल क्लब. तो २००७ मध्ये अशोक पिरामल समूहाने स्थापन केला. या समूहाचा पूर्वेतिहास बोधक आहे. मोरारजी हे मुंबईच्या गिरणीविश्वातील जुने नाव त्याच्याकडे होते. त्या नावाच्या कापडधंद्याचा एक कारखाना नागपूरजवळ बुटीबोरी येथे निघाला, तर मुंबईतील गिरणीच्या जमिनीला इमारतींचे मोल आले. पेनिन्सुला लँड ही समूहाची बांधकाम कंपनी पूर्वी मोरारजी रिअ‍ॅल्टीज या नावाने ओळखली जात असे. गिरण्या होत्या तेव्हा त्यांचे खेळाडू हे गिरणीचे नोकर असत. मफतलालचा फुटबॉल संघ मुंबईत त्याच रीतीने नावारूपास आला. गिरणीच्या जागी इमारत आली आणि खेळाडू हजेरीपटावरून करारपत्रावर आला. हा बदल केवळ नावाचा नव्हे. नोकरी देणाऱ्या आश्रयात खेळ सुटल्यावरही पगार चालू राहण्याची सोय होती. करारात ती नाही.

पुणे फुटबॉल क्लबने २००९-१० मध्ये आय-लीगच्या वरच्या श्रेणीत प्रवेश केला आणि २०१२-१३ मध्ये दुसरे स्थान मिळविले. कुमारांच्या प्रशिक्षणाकडेही त्याने आस्थेने लक्ष दिले. तथापि २०१५ मध्ये मालकांनी संघ बंद केला. पुढील वर्षी त्याची प्रशिक्षण संस्था शहरातील दुसऱ्या संघाकडे गेली.

दुसरे उदाहरण अधिक विस्ताराने पाहण्याजोगे आहे, कारण तेथे समूहापेक्षा व्यक्ती ठळक दिसते. दीपक सखाराम कुलकर्णी, अर्थात डीएसके, हे पुण्यातील मध्यमवर्गीय घरातून आलेले बांधकाम व्यावसायिक. दूरध्वनी यंत्रे पुसून सुगंधित करून देण्याच्या लहानशा व्यवसायापासून त्यांनी मोठी मजल मारली होती, आणि ही कथा मराठी मध्यमवर्गाला अतिशय प्रिय होती. मराठी माणसाला धंदा जमत नाही, या जुन्या समजुतीला ते जणू सजीव उत्तर होते. ‘घराला घरपण देणारी माणसं’ हे त्यांचे जाहिरातवाक्य घरोघरी पाठ झाले. धायरीच्या डीएसके विश्वसारख्या वसाहती, मोटारींची विक्री, परदेशी मोटरसायकलींची जुळणी असा त्यांचा पसारा वाढत गेला. या सर्वांच्या मुळाशी सदनिका घेणाऱ्यांचे आगाऊ हप्ते, बँकांची कर्जे आणि सामान्य ठेवीदारांच्या मुदत ठेवी होत्या. म्हणजे विटा-सिमेंटाइतकेच, किंबहुना अधिक, नाव हेच या धंद्याचे भांडवल होते.

शिवाजियन्स हा १९८७ पासूनचा पुण्यातील स्थानिक क्लब. डीएसके समूहाने तो हाती घेतला आणि आपले नाव त्याच्या नावापुढे जोडले. इंग्लंडमधील लिव्हरपूल क्लबच्या सहकार्याने समूहाने मुलांसाठी निवासी फुटबॉल प्रशिक्षण संस्थाही चालविली. २०१५ मध्ये संघाला आय-लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला. खालच्या श्रेणीतून जिंकत वर येण्याऐवजी ठरावीक आर्थिक अटी पूर्ण करणाऱ्या मालकास स्पर्धेत जागा देण्याची ही तरतूद होती, आणि तिच्याबरोबर काही काळ खाली न उतरविले जाण्याचे अभयही मिळत असे. परिणाम विलक्षण झाला. २०१५-१६ मध्ये नऊ संघांत डीएसके शिवाजियन्स शेवटचा आला, पण खालच्या श्रेणीत जाण्याची पाळी आली ती आठव्या आलेल्या मिझोरमच्या ऐझॉल संघावर. त्याच सुमारास गोव्यातील क्लबांनी स्पर्धेतून अंग काढून घेतले, म्हणून ऐझॉलला परत घेण्यात आले, आणि २०१६-१७ चे विजेतेपद त्याच संघाने पटकावले. भांडवलाला दिलेली सवलत कोणाच्या पदरचे काय काढून घेऊ शकते, याचे याहून स्वच्छ उदाहरण भारतीय खेळात क्वचितच सापडेल.

पुण्यातील परिस्थिती त्या काळात वेगाने पालटत होती. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली. मे २०१७ पासून महाराष्ट्रात स्थावर संपदा नियामक प्राधिकरण काम करू लागले, आणि एका प्रकल्पासाठी घेतलेला पैसा दुसरीकडे वळविणे कठीण झाले. डीएसके समूहाकडून ठेवी परत मिळेनाशा झाल्या. २०१७-१८ च्या आय-लीगमध्ये त्याचा संघ दिसला नाही. ठेवीदारांच्या तक्रारींवरून गुन्हा दाखल होऊन फेब्रुवारी २०१८ मध्ये कुलकर्णी यांना अटक झाली. आरोपांचा निवाडा हे न्यायालयाचे काम आहे. इतिहासाच्या दृष्टीने घटनांचा क्रम महत्त्वाचा : अटकेपूर्वीच संघ नाहीसा झाला होता. पैशाची ओढ लागताच प्रथम कापला जातो तो ज्याच्यावाचून धंदा थांबत नाही असा खर्च, आणि फुटबॉल त्या सदरात मोडत होता. निवृत्तीचा पैसा ठेवीत गुंतविलेल्या वृद्धांच्या हालापुढे फुटबॉल संघाची कोणाला आठवण राहिली नाही, हेही स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

तथापि बांधकामाचा पैसा खेळाला नेहमीच मारक ठरतो, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. अमेरिकेत फीनिक्सचा कंत्राटदार डेल वेब १९४५ मध्ये दोन भागीदारांसह न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाचा मालक झाला. त्याच्या मालकीच्या काळात त्या संघाने दहा वेळा जागतिक मालिका जिंकली, आणि १९६४ मध्ये संघाचा ८० टक्के हिस्सा सीबीएस या प्रसारण कंपनीने १ कोटी १२ लक्ष डॉलरला विकत घेतला. बॉस्टनचा कंत्राटदार लू पेरिनी याची गोष्ट इतकी सरळ नाही. १९५२ मध्ये त्याच्या ब्रेव्हज संघाच्या सामन्यांना वर्षभरात सुमारे २ लक्ष ८१ हजार प्रेक्षक आले. पेरिनीने १९५३ मध्ये संघ उचलून मिलवॉकीला नेला. तेथे पहिल्याच वर्षी १८ लक्षांहून अधिक लोक आले. बॉस्टनच्या चाहत्यांवर अन्याय झाला खरा, पण संघ जगला आणि १९५७ मध्ये त्याने जागतिक मालिका जिंकली. पेरिनीने १९६२ मध्ये तो विकला, तेव्हाही घेणारे पुढे आले.

मिलवॉकीचे क्रीडांगणही सार्वजनिक पैशातूनच बांधले होते. तेव्हा बालेवाडीचे क्रीडासंकुल शासनाचे होते, मालकाचे नव्हते, एवढ्यावरून पुण्याच्या अपयशाचा उलगडा होत नाही. तिकिटाचा पैसा आणि प्रसारणाचा वाटा यांमुळे वेबच्या हाती विकण्याजोगी वस्तू होती. पुण्यातील मालकाच्या हाती होती ती खर्चाची बाब. तिकिटांतून खर्च भागेल असा प्रेक्षकवर्ग आय-लीगला पुण्यात लाभला नाही. मालक जाताच त्याची जागा घेऊन संघ जसाच्या तसा चालविणारा कोणी पुढे आला नाही.

तिसऱ्या संघाची स्थिती थोडी वेगळी होती. एफसी पुणे सिटी हा इंडियन सुपर लीगचा संघ २०१४ मध्ये वाधवान समूहाने काढला. डीएचएफएल ही गृहकर्ज देणारी कंपनी याच कुटुंबाची. चित्रपट अभिनेता हृतिक रोशन सहमालक झाला, इटलीच्या फिओरेंटिना क्लबशी सहकार्य जुळले, आणि त्रेझेगेसारखा विश्वविजेता खेळाडू पहिल्या वर्षी आला. २०१७-१८ मध्ये संघाने उपांत्य फेरी गाठली. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही वित्तसंस्था कोलमडली आणि गृहकर्ज कंपन्यांना मिळणारा पैसा आटला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये संघ बंद झाला. नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने डीएचएफएलचे संचालक मंडळ बरखास्त केले. येथेही संघ आधी गेला, कंपनी मागाहून.

मात्र सुपर लीगमधील जागेला किंमत होती. ती हैदराबादेत निघालेल्या नव्या संघाला मिळाली आणि पुण्याचे काही खेळाडूही तिकडे गेले. डीएसकेच्या संस्थेत शिकलेला मिझोरमचा जेरी लालरिनझुआला तर त्यापूर्वीच चेन्नईकडून खेळून २०१६ च्या सुपर लीगचा उदयोन्मुख खेळाडू ठरला होता. हैदराबादच्या संघाने २० मार्च २०२२ रोजी गोव्यात फातोर्डा येथे केरळ ब्लास्टर्सला हरवून विजेतेपद मिळविले. २०२५ मध्ये मालकी पुन्हा बदलली, आणि तो संघ दिल्लीला गेला.